पुस्तकवाडीची दुपारची हजेरी

बयजाबाई माळणीवर अन्याय झाला तो यंदाच्या होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दिवेलागणीला. जागा अमरावतीच्या परकोटाबाहेरची, बडनेऱ्याच्या वाटेवरची पुस्तकवाडी. समक्ष हजर होते ते असे: वाडीची सगळी कमिटी, एक वकील, कापसाचे चार अडते, आणि हातात कागद धरून मी. चोरूनमारून काही झालं नाही. विडे झाले, अत्तर लागलं, आणि मग एका म्हाताऱ्या बाईला चारचौघांत खोटी ठरवली.

आजवर मी पाच पत्रकं छापली. देवऋष्यांवर छापलं, खोट्या मापांवर छापलं, मुलींना शाळेत न धाडणाऱ्या बापांवर छापलं. पाचही पत्रकांत मी दुसऱ्यांना बोल लावला. हे सहावं. यात मलाही बोल आहे, तो जिथं यायचा तिथं येईल.

ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी वाडी सांगतो. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडं वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. गावातले एक पंतोजी आणि एक हकीमसाहेब यांनी मिळून वाडी काढली. पंतोजींजवळ पुस्तकं होती, हकीमसाहेबांजवळ औषधी रोपं होती, आणि दोघांजवळ मिळून पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी नियम केला. जो पुस्तक देईल त्यानं एक रोपही आणायचं. पुस्तक कपाटात, रोप जमिनीत. वाचायला कोणीही यावं, काढ्याला पाला कोणीही न्यावा. देणाऱ्याचं नाव एका वहीत चढायचं, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर शर्त लिहिलेली होती की देणगीची झाडं उभी आहेत तोवर ही जमीन विकायची नाही, दुसऱ्या कामाला लावायची नाही.

मोठी देणारी माणसं थोडी. कासार, विणकर, पटवाऱ्याची विधवा बहीण, असली माणसं जास्त. मेळघाटातल्या सेमाडोहचा सोमा कोरकू मोहाचं रोप घेऊन आला. त्याच्याजवळ पुस्तक कुठलं असणार? पंतोजी म्हणाले, तुझी गाणी सांग, मी लिहून घेतो. तीन दिवस त्यानं गाणी सांगितली आणि ती वही म्हणजे त्याचं पुस्तक झालं. हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

मग एका पावसाळ्यात नावांच्या वहीला वाळवी लागली. पेटी उघडली तर वहीच्या जागी मातीचा पोकळ ठोकळा निघाला. पंतोजी तोवर वारले होते. हकीमसाहेब लेकाकडं अकोल्याला, मोर्णेच्या काठी राहायला गेले होते. कमिटीनं मला नेमलं की बाबा रे, वाडीची हकीकत नव्यानं लिहून काढ. मी विचारलं, सांगणार कोण? तेव्हा एक सभासद हसत म्हणाले, "ती बुढी हाये ना. तिले विचार. दिवसभर झाडाशी बोलून राहते."

म्हणजे बयजामाय.

तिचा नवरा वाडीचा पहिला माळी. तो पटकीनं गेला, आणि तेव्हापासून आळी, खुरपं, घागर सगळं तिच्या हाती. उंच, हडकुळी, पाठ सरळ. धुवट लुगडं, दंडावर देवीच्या व्रणांची रांग. भाकर उभ्यानं खायची. झाडाखाली कधी बसायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कोनाच्या घरात न विचारता बसते का कोनी?" विहिरीत घागर सोडण्याआधी घागरीच्या तोंडात एक फुंकर घालायची. का, ते सांगितलं नाही. आणि माणसाच्या सावलीवर पाय देत नसे. आपण तिच्या वाटेत उभे असलो तर सावलीला वळसा घालून जायची, चिखलातून जावं लागलं तरी.

मला ती 'कागदवाल्या' म्हणायची. रागात नसली तर 'बाबू'.

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "माय, कोणतं झाड कोणी दिलं ते सांग. मी लिहितो."

"आता?" तिनं आभाळाकडं पाहिलं. सकाळचे नऊ वाजले असतील. "आता नाही. सावली पायाशी येऊ दे."

"का?"

"सकाळी सावल्या तिकडे पडतात, सांजीले इकडे. एकीच्या अंगावर दुसरी जाते. नावं हालतात मंग. दुपारी ज्याची सावली त्याच्यापाशी उभी रायते. तवाच पुकारा लागते."

वऱ्हाडातली उन्हाळ्याची दुपार परगावच्या वाचकाला सांगून समजायची नाही. वाटेवर चिटपाखरू नसतं. कुत्रं नालीत पडून असतं. आवाज बंद होतात असं नाही, पण ते लांब जातात, आणि जवळ काही उरत नाही. लोक कवाडं लावून घेतात ती उन्हासाठी, असं मी समजत होतो. त्या वेळी ही बाई बाहेर पडायची आणि फाटकाजवळच्या निंबापासून हजेरी सुरू करायची. खोडावर पंजा ठेवायचा आणि नाव घ्यायचं. नाव, गाव, पुस्तक, आणि देताना माणूस काय बोलला ते. तिला अक्षर येत नव्हतं. पुस्तक ती रंगानं आणि वासानं ओळखायची.

"रहेमान विणकर. अचलपूर. लाल पुठ्ठ्याचं, तंबाखूचा वास. म्हनला, माहा पोरगा वाचेल असं वाटलं होतं."

मग थांबायची. बोलणाऱ्यानं विचारावं आणि समोरच्यानं उत्तर द्यावं, तेवढा वेळ. मग मान हलवायची, झाडाकडं तोंड ठेवूनच तीन पावलं मागं यायची, आणि पुढच्या झाडाकडं जायची. काही झाडांपाशी थांबायची, काहींपाशी नाही. मी चार दिवस तिच्यामागं लिहीत फिरलो तेव्हा मला ते उमगलं. देणारा जिवंत असेल तर ती नाव घेऊन चालू लागे. जो मेला, त्याच्यापाशी थांबे.

मी कागदावर नावं लिहिली. थांबणं लिहिलं नाही. ते मला अडाणीपणाचं वाटलं. मी नव्या विद्येचा माणूस होतो ना!

मी तिची परीक्षाही घेतली. कपाटातून कोणतंही पुस्तक काढावं, तिच्या नाकाशी धरावं, आणि तिनं झाड दाखवावं. एकदाही चुकली नाही. मग मी लबाडी केली. माझ्या घरचं व्याकरण आणून मध्येच सरकवलं. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

"हे इथलं नाही. याच्यात दोनच वास हायेत, दिव्याचं तेल आन उपास. घरी ने आन जेव काही तरी, कागदवाल्या."

मोट हाकणारा गडी दिवसभर मला हसला.

आता हकीमसाहेबांची गोष्ट. त्यांचा अडुळसा विहिरीच्या उजव्या हाताला होता. ते अकोल्याला खुशाल होते, त्यांचं पत्र मला पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं. बयजामाय रोज त्यांचं नाव घेऊन न थांबता पुढं जायची. एका बुधवारी थांबली.

मी म्हटलं, "माय, चुकलीस. हकीमसाहेब आहेत."

ती थांबायचं तेवढं थांबली. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान हलवली, तीन पावलं मागं आली.

"बुधवार लिहून ठेव," म्हणाली. "नंतर म्हनशील बुढी रचून सांगते."

शनिवारी अकोल्याहून सरकीच्या गाड्या आल्या. गाडीवान पाणी मागायला वाडीत आला आणि म्हणाला, तुमचे हकीम गेले. कधी? बुधवारी. वेळ? "जेवून आडवे झालते. दुपारी."

दोन मुक्कामांची वाट. तार आलेली नाही, जासूद आलेला नाही. मी तिला विहिरीपाशी गाठलं आणि जरा दरडावूनच विचारलं, "तुला सांगितलं कोणी?"

"सांगाले कोन येते? रोज पुकारून राहिली मी त्याईले. त्या दिशी त्याईनं हाव म्हनलं, म्हनून थांबली." हाव म्हणजे आमच्याकडचं 'हो'.

"मला ऐकू आलं नाही."

"तुले काहून येईल? तुह्या कानात तुहाच आवाज हाये."

मी घरी येऊन बुधवार खोडला. देवऋष्यांवरचं माझं पत्रक त्याच आठवड्यात शिळाप्रेसवर चढलं होतं.

यानंतर शेठजी आले. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या गावचा शेठजी डोळ्यांपुढं आणावा. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवणारा पहिला माणूस हाच. दिवाळीत त्यांनी वाडीला शिसवी कपाटं दिली आणि कमिटीनं त्यांना अध्यक्ष केलं. वाडीला लागून बडनेऱ्याची वाट, बडनेऱ्याला आगगाडी. कापसाच्या गाठी ठेवायला आणि त्या दाबायचा वाफेचा प्रेस बसवायला याहून सोयीची जागा नाही, हे शेठजींनी पाहिलं. ते जागा बघायला आले ते दुपारी, कारण सकाळ बाजाराची होती.

बयजामाय तेव्हा चव्वेचाळीस नंबरच्या लिंबोणीपाशी होती. नंबर माझे, मी चुन्यानं खोडांवर घातलेले. शेठजी तिच्या मागं येऊन उभे राहिले, मी त्यांच्या बाजूला. तिनं वळून पाहिलंही नाही. खोडावर पंजा ठेवला.

"सुखलाल गठुळेवाला. फिरस्ता. पंचांग, जुनं, हळदीचे डाग. म्हनला, माह्यापाशी दुसरं काही नाही माय, हेच घे."

सुखलाल म्हणजे शेठजींचे वडील. पाठीवर कापडाचं गठुळं बांधून दारोदार फिरायचे. मला ते ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, फक्त शेठजींसमोर कोणी बोलत नसे. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. बयजामाय थांबली.

"हाव."

बारीक, थकलेला आवाज. पुढचे दात नसलेल्या माणसाचा, शब्दाच्या शेवटी थोडी शीळ असलेला. मी चमकून पाहिलं. आवाज शेठजींच्या तोंडून आला होता. त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते दोन बोटांनी स्वतःचे ओठ चाचपत होते. दात सगळे जागेवर होते.

"कोण बोललं?" त्यांनी मला विचारलं. या वेळी त्यांच्याच भरदार आवाजात.

"आपण."

"मी नाही."

बयजामाय मान हलवत होती. "बरं झालं," ती झाडाला म्हणाली. "लई दिसापासून वाट पायत होता." तीन पावलं मागं, आणि पंचेचाळीस नंबरला गेली.

मी मनाशी म्हटलं, ऊन लागलं. लेकाच्या गळ्यात बापाचा आवाज असतोच. आजही मी तसंच म्हणतो, फक्त मोठ्यानं म्हणवत नाही. शेठजी त्यानंतर वाडीत दुपारी कधीच आले नाहीत. आले की दिवे लागताना.

महिन्याभरात कमिटीपुढं ठराव आला. वाडीची वही नाही, शर्तीचा पुरावा नाही, सबब झाडं काढून जागा गाठींना द्यावी आणि पुस्तकं शेठजींच्या माडीवर न्यावीत. वर एक संगमरवरी पाटी घडवायला टाकली: ही संस्था व उद्यान अमुक शेठ यांनी स्थापिले. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, पुरावा आहे. माझ्याकडं एकशे बारा झाडांची यादी आहे, नावागावासकट. या यादीतल्या माणसांची लेकरं, नातवंडं अजून याच मुलखात आहेत, बोलावून विचारा.

वकील म्हणाले, "यादी तुझ्या हातची. सांगितली कोणी?"

"बयजाबाईनं."

"मग तिनं सगळ्यांसमोर फिरून सांगावी. कागदाशी जुळली तर आम्ही शर्त मानू. शेठजी, मान्य?"

शेठजी म्हणाले, "मान्य. मंगळवारी, दिवेलागणीला."

आणि मी, वाचकहो, मी 'बरं' म्हटलं.

तिला सांगायला गेलो तेव्हा ती आळ्यातली माती भुसभुशीत करत होती. खुरपं तिथंच थांबलं.

"सांजीले नोको, बाबू. दुपारी बोलाव त्याईले."

"दुपारी मोठी माणसं येत नाहीत, माय. झाडं तीच, जागा तीच, नावं तुला पाठ. सावलीचं काय घेऊन बसलीस?"

"मले पाठ नाही काही. मी इचारते, ते सांगतात. सांजीले कोन कोनाच्या अंगावर पडलं रायते ते त्याईलेच समजत नाही."

"हे असलं कमिटीपुढं बोलू नकोस. हसतील."

तिनं खुरपं पुन्हा मातीत खुपसलं. "तूच हासून राहिला," म्हणाली.

आता माझा बोल. मला ठाऊक होतं. ती दुपारी चुकत नाही हे मी अनेक महिने पाहिलं होतं, सांजेला कधी पाहिलं नव्हतं. शेठजी दुपारी येत नाहीत हेही पाहिलं होतं. वकिलाला एवढंच म्हणायचं होतं की वेळ बदला. पण देवऋष्यांवर पत्रक छापलेल्या माणसानं, एका म्हातारीच्या सावल्यांसाठी सभेची वेळ बदला, असं वकिलाला म्हणायचं? मला लाज वाटली. त्या लाजेपायी वाडी गेली.

मंगळवारी सूर्य कलला होता. वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि त्यांतून उडालेली रुई वाडीभर तरंगत होती. झाडांवर पांढरं, मंडळींच्या पागोट्यांवर पांढरं. सावल्या फाटकापासून विहिरीपर्यंत लांबलेल्या. बयजामायनं निंबावर पंजा ठेवला. पहिली दहा-बारा झाडं मोकळ्यावरची, ती जुळली. वकील माझ्या यादीवर बोट ठेवून मान डोलावत होते. मला वाटलं, झालं.

मग ती आत शिरली. आत एकाच्या सावलीत दुसरं झाड उभं होतं. तिचा पंजा खोडाजवळ जाऊन अडायला लागला. एक नाव चुकलं. दुसरं अर्धं राहिलं. ती भराभर बोलायला लागली, कळप उधळल्यावर गुराखी एकेकाला नावानं हाका मारतो तशी. चव्वेचाळीस नंबरच्या लिंबोणीवर पलीकडच्या मोहाची सावली आडवी पडली होती. तिथं ती उभी राहिली, डोळे मिटले, आणि म्हणाली:

"सोमा कोरकू. सेमाडोह. वही, धुराचा वास."

"कागदावर काय आहे?" वकिलांनी मला विचारलं. यादी त्यांनी मघाच माझ्या हातून घेतली होती. तरी मला वाचायला लावलं.

मी वाचलं. "सुखलाल गठुळेवाला."

शेठजींचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांच्या ध्यानात आलं की ती चुकली आहे, आणि ते हसायला लागले. इतकं हसले की अडत्यांनाही हसावं लागलं. एकजण ओरडला, "बुढीले घरी पोचवा रे कोनी! शेठच्या बापाले कोरकू करून राहिली!"

वकिलांनी यादीची घडी करून मला परत दिली. "गोष्ट छान आहे," म्हणाले. "छापून टाक."

बयजामाय मध्येच उभी होती. तिच्या अंगावर किती झाडांच्या सावल्या होत्या ते मला मोजता येईना. "सारे एकमेकात गेले," ती म्हणाली, पण आमच्यापैकी कोणाला नाही. मग माझ्यासमोरून फाटकाकडं गेली. माझी लांब सावली तिच्या वाटेत होती. त्या दिवशी तिनं वळसा घातला नाही. तीवर पाय देऊन गेली.

पुढच्या आठवड्यात कुऱ्हाडी आल्या. सहा दिवस झाडं पडत होती. मी कमिटीला राजीनामा दिला, तो कोणी मागितला नव्हता. शेवटचं झाड पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझी दौत-लेखणीची पेटी आणायला गेलो. दुपार होती. लाकूडतोडे कुठंतरी आडोशाला निजले होते. फाटक गाड्यांसाठी काढून टाकलं होतं, आणि त्या उघड्या जागेतून बयजामाय आत आली.

तिनं मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. निंबाच्या बुंध्यावर पंजा ठेवला आणि हजेरी सुरू केली. माझी सोडली तर त्या सगळ्या मोकळ्या रानात सावली एकच होती, तिची, तीही पायांपुरती. माझ्या खिशात यादी होती. मी उभ्या जागी एकेका नावापुढं खूण करत गेलो. एकशे बारा. एकही चूक नाही. चव्वेचाळीसला सुखलाल गठुळेवाला, मोहाला सोमा कोरकू. फरक एकच. त्या दुपारी ती प्रत्येकापाशी थांबली, जिवंत माणसांपाशीसुद्धा.

शेवटी ती विहिरीपाशी आली. तिथं एक सीताफळ होतं. माझ्या यादीत ते नाही, कारण हजेरीत ती त्यापुढून गुपचूप जायची. मी एकदा विचारलं होतं, हे कोणाचं? तेव्हा म्हणाली होती, "ज्यानं लावलं त्यानं पुस्तक नाही दिलं. बिनपुस्तकाचं नाव नाही घ्यायचं, पंतोजी सांगून गेले." मीही पुढं विचारलं नव्हतं. मला नंबर पूर्ण करायचे होते.

आता तिनं त्या सीताफळाच्या बुंध्यावर पंजा ठेवला.

"बयजा. पुस्तक नाही."

आणि थांबली.

सोमा कोरकूला पंतोजींनी विचारलं होतं, तुझं काय आहे ते सांग, मी लिहितो. हिला कोणी विचारलं नाही. एकशे बारा माणसं हिच्या तोंडात होती, त्या माणसांचं मी पुस्तक केलं आणि वर माझं नाव घातलं. मी दहा पावलांवर होतो. हातात लेखणी होती. एक शब्द बोलायचा होता. मला त्या जागी माझा आवाज ऐकायची भीती वाटली. उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला.

विहिरीत घागर बुडाल्याचा आवाज आला. भरताना होतो तसा, हळूहळू जड होत जाणारा. दोर गडगड्यावर गुंडाळलेला होता आणि घागर काठावर पालथी होती. हे मी नंतर जाऊन पाहिलं.

बयजामायनं मान हलवली. तीन पावलं मागं आली. मग वळली, आणि अकोल्याकडं जाणाऱ्या, दुपारपुरत्या सोडलेल्या गाड्यांत शिरली. रुई उडत होती. तिच्या मागं सावली दिसली नाही, पण भर दुपार होती, दिसायची नव्हतीच. तिला पाहिलं ते तेवढंच.

मी बडनेऱ्याला विचारलं, मूर्तिजापूरला विचारलं. अकोल्याला हकीमसाहेबांच्या कबरीवर गेलो. पायथ्याशी अडुळशाची फांदी रोवलेली होती आणि माती ओली होती. लेकाला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही नाही लावली.

आता वाडीत गाठी रचल्या आहेत. आणि गाठी खराब होत आहेत. ठरावीक जागी ठेवलेल्या गाठींना खालून ओल लागते, बडनेऱ्याच्या स्टेशनावरून परत येतात. बाजूची गाठ कोरडी ठणठणीत. मी जाऊन पाहिलं. भेगा पडलेल्या काळ्या जमिनीत आळ्याएवढी गोल ओल, एकापुढं एक. यादी हातात घेऊन मी पावलं टाकत गेलो. जिथं जिथं झाड होतं, तिथं तिथं आहे. आळ्याची जुनी माती ओल धरते, हे मला पटतं. पाणी कोणी घालत नसताना ती ओल रोज ताजी कशी होते, ते पटत नाही. हमालांनी दुपारचं काम सोडलं आहे. त्यांच्या मुकादमाला कारण विचारलं तर म्हणाला, "तिथं कोनी नावं घेते, बाबू. आमची नावं नसतात, म्हनून आमी हाव नाही म्हनत."

संगमरवरी पाटी घडून आली आहे. येत्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, ती वाडीच्या भिंतीत बसणार आहे. घरोघर मेलेल्या बापआज्यांसाठी घागर भरायचा दिवस, त्याच दिवशी. पाटीवर एकशे बारा माणसं नसतील. ती नसेल.

म्हणून हे पत्रक. वाचून फडताळात टाकायला छापलेलं नाही. मागच्या पानावर यादी आहे. तीत तुमचा बाप, आजा, चुलती शोधा. आखाजीला भरलेली घागर घेऊन वाडीत या. दिवेलागणीला येऊ नका. दुपारी या, सावली पायाशी असताना. मी ओलीच्या प्रत्येक खुणेवर उभा राहून नाव घेईन आणि थांबेन. ज्याचं माणूस आहे त्यानं मोठ्यानं, पाटी बसवणाऱ्यांना ऐकू जाईल असं 'हाव' म्हणायचं. तुम्ही गप्प राहिलात तर दुसरं कोणी म्हणेल, आणि ते मला पुन्हा ऐकायचं नाही.

शेवटचं नाव विहिरीपाशी घेईन. या खेपेला पुस्तकासकट घेईन. हे पत्रकच तिचं पुस्तक, ते तुमच्या हातात आहे. तिच्यामागं तिचं कोणी नाही. तेव्हा तुम्ही कोणीही असा, कुठल्याही गावचे असा, बयजाबाईच्या नावाला तुम्ही हाव म्हणा.